‘अण्णा गेले’ म्हणजे कुठे गेले? घरच्या ग्रुपवर निरोप कसा द्यावा

गेल्या मार्गशीर्षात पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला : ‘अण्णा गेले.’

एवढंच. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, वय ७८, मुक्काम विटा. मेसेज टाकून भाचा फोन सायलेंटवर ठेवून परत झोपला. मिरजेची ताई देवासमोर दिवा लावायला उठली होती, तिने वाचलं आणि तिथंच बसली. मी सांगलीतून भाच्याला अकरा वेळा फोन लावला. वहिनींचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, त्या आंघोळीला. कऱ्हाडच्या मामेभावाने कुणाला न विचारता गाडी काढली आणि सव्वासातला विट्यात दारात उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, ‘अगंबाई, एवढ्या सकाळी? अण्णा आत्ताच गेले की पुण्याला. साडेपाचच्या गाडीनं.’

म्हणजे कडेगावच्या आसपास कुठेतरी मामेभावाची गाडी आणि अण्णांची एसटी एकमेकींना ओलांडून गेल्या. अण्णा खिडकीशी झोपलेले, फोन बंद करून पिशवीत, ‘बॅटरी कशाला जाळायची’ म्हणून.

आपली माणसं घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, ते उगाच नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या घरातला पोरगा मेसेज लिहिताना विसरला. तेव्हापासून भाचेमंडळी मला म्हणतात, आत्या, तुम्ही जन्मभर हेच काम केलंत, आम्हाला एकदा नीट सांगा. म्हणून लिहिते आहे. मी जून १९८० मध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सुरुवातीची वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या बोर्डावर गेली. कानाला हेडसेट, समोर दिवे आणि भोकं, हातात दोऱ्या, एका गावची दोरी दुसऱ्या गावच्या भोकात. लोकांचे निरोप पोचवण्यातच नोकरी गेली, त्यामुळे ते कसे बिघडतात हे मला जरा जास्त कळतं. मोबाइलने माणसं तुटली असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करायचा आणि चार-चार तास फोनशेजारी बसायचं, त्यात माणुसकी जास्त होती असं ज्यांना वाटतं त्यांनी ते बसणं केलेलं नसावं.

लिहायचं, बोलायचं की चालत जायचं

बोट टेकवण्याआधी हे ठरवा. माझा हिशोब साधा आहे : हे वाचल्यावर समोरचा दोनपेक्षा जास्त प्रश्न विचारणार असेल तर फोन करा. ‘आईला जरा बरं नाही’ हा मेसेज कधीच करू नये. जरा म्हणजे किती, ताप आहे का, डॉक्टर काय म्हणाले, मी येऊ का. चार प्रश्न तिथंच उभे राहतात, आणि तुम्ही औषधाच्या दुकानात रांगेत असता.

उलट जे परत परत काढून बघावं लागतं ते लिहूनच द्या. हॉलचा पत्ता, पीएनआर, गोळीचं नाव, ब्लाउजचं माप, किराण्याची यादी. ही फोनवर सांगू नका. आमच्या काळी लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापायचे, आणि शेजारीण पत्ता ऐकून तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. वरात चुकीच्या गावाला गेलेली मी ऐकली आहे.

फोनवर आकडे सांगायची वेळ आलीच, तर एकेक सांगा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत ऐकणाऱ्याची हमखास गल्लत होते. सहा, नऊ. सात, नऊ. आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. बोर्डावर आम्ही तिकिटावर नंबर लिहून घेतला की परत वाचून दाखवायचो, नावं ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ करत. घरी असं केलं की पोरं हसतात, पण बँकेचा खाते क्रमांक मी आजवर एकदाही चुकलेली नाही.

माफी मागायची असेल, उसने पैसे मागायचे असतील, ठरलेलं मोडायचं असेल, तर फोन. लग्न मोडायचं असेल तर गाडी काढा आणि जा.

आणि कुणी छातीत दुखतंय म्हणत असेल तर ग्रुपवर ‘कुणाकडे अँब्युलन्सचा नंबर आहे का’ विचारत बसू नका. १०८ लावा. ग्रुपवर नंतर लिहा.

मेसेज मराठीत लिहिताना कुठे घसरतो

पहिली गोष्ट, ‘गेले’ एकटं सोडू नका. कोण, कशाने, कुठे, किती वाजता. ‘अण्णा साडेपाचच्या एसटीत बसले’ यात कुणाला रडू येत नाही. ‘निघाले’, ‘बसले’, ‘पोचले’ अशी किती चांगली क्रियापदं आहेत आपल्याकडे.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. आपण बोलताना ‘जेवलास?’ हे आवाज चढवून विचारतो. लिहिताना प्रश्नचिन्ह राहिलं की ते ‘जेवलास’ असं विधान होतं, म्हणजे माझ्याशिवाय जेवून घेतलंस तर. माझ्या धाकट्या जावेने एकदा लिहिलं, ‘तुम्ही दिवाळीला येणार नाही’. ती विचारत होती. मी ते निमंत्रण काढून घेतल्यासारखं वाचलं आणि सहा दिवस गप्प बसले. जे लोक बोलून टाइप करतात त्यांचं तर नेहमीच असं होतं; फोनला तुमचे शब्द ऐकू येतात, प्रश्नचिन्ह त्याचं तो लावेलच असं नाही. यावर औषध आपल्याच भाषेत आहे. ‘का’ लावा. ‘येणार नाही का’, ‘जेवलास का’. एका अक्षराचं काम आहे.

तिसरी, दिवस. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवाच्या पैशांचं काय झालं’ आणि ‘परवाच्या पैशांचं काय करायचं’ यात निदान क्रियापद सांभाळून घेतं. पण ‘परवाचं काय?’ एवढ्यावर कोण काय समजणार? ‘उद्या’सुद्धा रात्री बाराच्या पुढे वाचला की एक दिवस सरकतो. वार आणि तारीख लिहा : गुरुवार, १२ तारीख. वेळेला पहाटे, दुपारी, संध्याकाळी जोडा. पुण्यातल्या माझ्या नातीला मी ‘पावणेआठला तयार राहा’ लिहिलं, ती सव्वाआठला खाली आली. तिला वाटलं पाव जास्त म्हणजे पावणे. शाळा इंग्रजी, चूक तिची नाही. तिला आता ७:४५ असं लिहिते, आणि समोर बसली की पावणे, सव्वा, दीड, अडीच शिकवते.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांशी मी भांडून दमले. एम-ए-एल-ए लिहिलं की मला, माला, माळा आणि मळा, चौघं एकाच कपड्यांत समोर उभे. भाच्याने एकदा शेतातलं काही कळवलं होतं. ‘मळा विकून आलो’ की ‘माळा विकून आलो’, हे कळायला मला त्याला फोन करावा लागला. (माळा. गणपतीतल्या.) फोनमध्ये मराठी कीबोर्ड घालायला दोन मिनिटं लागतात : कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा, तिथे मराठी. ‘ळ’ सापडायला एक दिवस लागतो, मग हात बसतो.

आणि ‘बघू’. हा शब्द मेसेजमध्ये टाकूच नका. समोरासमोर ‘बघू’ म्हटलं की मान कशी हलली यावरून हो की नाही ते कळतं. फोनवरही सुरावरून अंदाज येतो. लिहिलेल्या ‘बघू’ला मान नाही आणि सूरही नाही. बोलावणारी बाई दोन वाट्या जास्त तांदूळ भिजवते, किंवा भिजवत नाही. नको असेल तर ‘या वेळी जमणार नाही, रविवारी नक्की’ असं लिहा. पहिल्यांदा फार उद्धट वाटेल. दुसऱ्यांदा नाही वाटत.

अंगठ्याची गोष्ट

मागच्या संक्रांतीआधी मी सूनबाईला लांबलचक मेसेज लिहिला. हळदीकुंकवाला मी चार दिवस आधी येते, वाणाचं सामान सांगलीतून आणते, तिळाच्या वड्या इथूनच करून आणते, तू नोकरी करतेस, तुला कुठे वेळ, असं सगळं. लिहायला मला पाऊण तास लागला. उत्तरात एक पिवळा अंगठा आला.

मी वड्या केल्या नाहीत. तीन दिवस माझ्या डोक्यात तो अंगठा. आमच्या पिढीत अंगठा दोनच कारणांनी दिसायचा, सही येत नसली की, नाहीतर कुणाला ठेंगा दाखवायचा असला की. चौथ्या दिवशी तिचा फोन : ‘आई, तुम्ही किती वाजता पोचताय? मी त्या दिवशी अर्धी रजा टाकलीय.’ मी म्हटलं, तू तर अंगठा दाखवलास. ती हसायलाच लागली. तिच्या ऑफिसात अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं, मंजूर, आता यावर आणखी बोलायची गरज नाही’. तिच्या मते ते माझ्या बेताला संपूर्ण होकार होतं.

मग तिने तिचंही गाऱ्हाणं काढलं. ‘आई, तुम्ही ‘बरं.’ लिहिता ना, पुढे टिंब देऊन, मला वाटायचं तुम्ही रागावलात.’ मी! वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा हे आम्हाला छडी खाऊन शिकवलेलं. तरुण मुलांना तो टिंब दार आपटल्यासारखा ऐकू येतो, हे मला कोण सांगणार?

त्या दिवशी आम्ही फोनवरच ठरवून टाकलं. ती मला ‘हो आई, या’ एवढे तीन शब्द लिहिते. मी तिला ‘बरं गं’ लिहिते, टिंबाशिवाय. तुम्हीही आपल्या घरात हे एकदा बसून बोलून घ्या, कोणती खूण कुणाला कशी लागते ते. फार तर दहा मिनिटं लागतील. हे काम मात्र मेसेजवर करू नका.

निळ्या खुणांबद्दल थोडंच सांगते. नको असतील तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, तिथे रीड रिसीट्स बंद करता येतात; मग दुसऱ्यांच्याही तुम्हाला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होत नाहीत. आपला मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ बघितलं की कुणी वाचला, कुणाला नुसता पोचला, सगळं दिसतं. मी ते लग्नाच्या जेवणाची माणसं मोजायला वापरते. जावेने वाचून उत्तर का दिलं नाही हे शोधायला एकदा वापरलं, आणि मग तीन तास वाया गेले.

चुकीचं काही गेलं तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून ‘एडिट’ करता येतं. भाच्याला त्या पहाटे हे माहीत होतं. पण तो झोपला होता.

वाईट बातमी

आता खरी निधनाची बातमी. हे नीट वाचा, कारण यात सगळीच माणसं गांगरतात.

ट्रंक बोर्डावर रात्रपाळीला लाइटनिंग कॉल आला की बहुतेक वेळा तेच असायचं. तो सगळ्यात महाग कॉल, सगळ्यांच्या आधी लागायचा. जोडून देण्याआधी मी पलीकडे विचारायची, ‘घरात कुणी मोठं माणूस आहे का? त्यांना फोनवर बोलवा.’ असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. एकदा बारा-तेरा वर्षांच्या मुलीने फोन घेतला होता, आणि मी जोडून दिला होता. त्यानंतर मी विचारायला लागले.

तर आज असं करा. जवळच्या माणसांना एकेकाला फोन करायचा, ग्रुपवर त्याआधी एक अक्षर नाही. फोन लागला की आधी विचारा : कुठे आहेस, गाडी चालवतोयस का, जवळ कोण आहे? चालवत असेल तर ‘बाजूला घे आणि मला फोन कर’. मग सरळ सांगा, ‘अप्पा वारले, आज पहाटे चारला.’ ‘जरा सिरियस आहे, निघून ये’ हे आपल्याकडे दयाबुद्धीने सांगतात. माणूस सहा तासांच्या प्रवासात सगळं ओळखतो आणि कुणाशी बोलूही शकत नाही. मला ते पटत नाही. ज्यांना पटतं ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही.

जवळची मंडळी झाली की मग ग्रुप. नाव, वेळ, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, कुठल्या स्मशानात, आणि कुणाला फोन करायचा तो एकच नंबर, घरातल्या रडणाऱ्या माणसाचा नको. यानंतर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, हात जोडलेले, फुलं, परत हात जोडलेले. आमच्याकडे एकदा असे साठ-सत्तर मेसेज आले आणि स्मशानाची वेळ वर कुठेतरी गाडली गेली; दोन माणसं अग्नी दिल्यावर पोचली. त्यामुळे तो मेसेज दाबून धरा आणि ‘पिन’ करा, म्हणजे तो वरती चिकटून राहतो; २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, हवं ते निवडा. ग्रुप फार मोठा असेल तर अॅडमिनने त्या दिवसापुरती फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करावी. लोक रागावतात. रागावू दे.

पुढे ढकलायच्या आधी

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा मोबाइलवरून सगळीकडे फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

असाच एक मेसेज त्याआधी आमच्याही ग्रुपवर आला होता. मी तो पुढे पाठवला नाही. पण ‘हे कुणी सांगितलं, कुठल्या गावचं आहे’ असं विचारलंही नाही. ऑपरेटर असून नाही विचारलं. बोर्डावर कुठून कॉल आला हे लिहिल्याशिवाय मी एक दोरी लावली नव्हती.

आता विचारते. मेसेजवर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं की मी पाठवणाऱ्याला ग्रुपवर नाही, खासगीत लिहिते : ‘हे तुला कुणाकडून आलं?’ ग्रुपवर विचारलं की माणूस हट्टाला पेटतो, खासगीत विचारलं की दहातले सहा जण गुपचूप काढून टाकतात. हा माझ्या नातेवाइकांचा आकडा आहे, तुमचे वेगळे असतील.

आवाजाचे मेसेज आणि परदेश

ताईला मोतीबिंदूमुळे वाचायचा त्रास, म्हणून ती बोलून पाठवते. सात मिनिटं. पहिली पाच शेजारणीच्या मांजरीची, आणि सहाव्या मिनिटाला ‘हां, ते डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली’. तिला मी एवढंच सांगितलं, तारीख आधी सांग, मग मांजर. दीडपट वेगाने ऐकायची सोय आहे, पण मी ती ताईसाठी वापरत नाही. तशी ती कुणावर तरी ओरडत असल्यासारखी वाटते.

मुलगा टोरांटोला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेदहा. आमचा व्हिडिओ कॉल रविवारी संध्याकाळी साडेसातला. त्याच्याकडे सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. अधेमधे कधीही लावायचा असेल तर आधी ‘मोकळा आहेस का’ लिहायचं, आणि खाली ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे लिहायला विसरायचं नाही. परदेशातल्या मुलांना आईवडिलांचा अवेळी फोन म्हणजे काय वाटतं, हे त्यांनाच विचारा. फोन धरताना तो कपाळासमोर नाही, डब्याला टेकवून हातभर लांब ठेवा. दोन वर्षं त्याने माझा नुसता भांग पाहिला.

जेवताना फोन फ्रिजवर ठेवायचे, असा नियम आमच्याकडे आहे. तो पाळला जातो असं म्हणवत नाही. आमच्या ह्यांना स्कोअर बघायला मिनिटामिनिटाला ताक लागतं.

समोरच्या घरातल्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. मी चाळीस वर्षं ज्या यंत्राशी काढली ते त्याच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. आता तो मंडईत असला की भाजीचा फोटो येतो आणि खाली : ‘काकू, शेपू ताजा आहे. दोन जुड्या आणू का?’ वस्तू, किती, आणि शेवटी ‘का’. आमच्या ग्रुपवर एवढा स्वच्छ मेसेज लिहिणारं दुसरं कुणी नाही.

अण्णा गेल्या आठवड्यात परत पुण्याला गेले. भाच्याने लिहिलं : ‘अण्णा ५:३० च्या पुणे गाडीत बसले. फोन बंद, पिशवीत आहे. साडेदहापर्यंत स्वारगेट.’ साडेदहाच्या पुढे मला एक मिस्ड कॉल आला. एकच रिंग. उचलायचा नाही, हे १९९८ पासून ठरलेलं आहे.